मार्था, तुला लाल नको होतं

मार्था, तुला माती देऊन आज नऊ दिवस झाले. घरातली माणसं म्हणतात, टीचरने धसका घेतलाय, धड जेवत नाही. त्यांना वाटतं दुःख आहे. दुःख आहेच, ते कुठे जातंय. पण घास घशाखाली उतरत नाही तो दुःखाने नाही, किळसेने. आधी सांस्कृतिक मंडळाच्या लोकांची आली, मग तुझ्या मुलाची, विल्सनची, मग तुझ्या पेटीभोवती फोन उंच धरून उभ्या असलेल्या सगळ्यांची. चौथ्या दिवसापासून मात्र नुसती माझीच येते आहे आणि ती जायचं नाव घेत नाही.

आपण चुलत बहिणी, वटारला एकाच विहिरीवरच्या दोन घरांत वाढलेल्या. तू अकरा महिन्यांनी मोठी. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. गणितात तू माझ्या कितीतरी पुढे होतीस, हे मी आयुष्यात कोणापुढे कबूल केलं नाही, कारण नंतर मी शाळेत शिकवायला लागले आणि तू भाजी विकायला. वर्गात फळ्यावर उदाहरण लिहिलं की गुरुजी खाली बसायच्या आत तुझं उत्तर तयार असायचं. मी तुझ्या पाटीत बघून लिहायचे. तुला ते माहीत होतं आणि तू पाटी जरा माझ्याकडे वळवून ठेवायचीस.

सातवीच्या वर्षीच आपलं दृढीकरण झालं, लहानपणीचा बाप्तिस्मा पक्का करायचा तो विधी. पांढरे फ्रॉक, डोक्यावर पांढरी जाळी. तेव्हाच्या रीतीप्रमाणे बिशपनी प्रत्येकीच्या गालावर हलकीशी चापट मारली. आता तू ख्रिस्ताची शिपाई, मोठी झालीस, असा त्याचा अर्थ. बाहेर आल्यावर तू गाल चोळत म्हणालीस, "एवड्या हळू मारल्यावर कोण शिपाई होईल?" पुढच्या आठवड्यात काकीने तो फ्रॉक धाकटीसाठी घडी करून ठेवला आणि तुला लाल चौकडीचं लुगडं नेसवलं, गुडघ्यापर्यंत, जसं तुझी आई नेसायची, माझी आई नेसायची, आपल्या सगळ्या बाया नेसायच्या. झालीस मोठी. वाडीत हात हवा होता आणि होळी नावाच्या बाजारात भाजी घेऊन बसायला माणूस हवं होतं. माझे वडील रेल्वेत होते म्हणून मी आठवीत गेले. त्यात माझा काही पराक्रम नव्हता.

मी दप्तर घेऊन निघायचे तेव्हा तू विहिरीवर पाठमोरी असायचीस. मला वाटायचं, कामात आहे. कितीतरी वर्षं मला तसंच वाटत होतं.

मग मी आयुष्यभर तुझ्या लुगड्यावर बोलत राहिले, मार्था. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्मरणिकांत लेख लिहिले, व्यासपीठावर भाषणं केली, लुगडं म्हणजे आपली ओळख, लुगडं गेलं तर आपण गेलो, असं पाचवारी साडी नेसून, खांद्याला पिन लावून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्षातून एकदा महोत्सवात मीही दोन तास लुगडं नेसायचे आणि ते नेसवायला तूच लागायचीस. मला घट्ट आवळत, सरळचं हरळ आणि सांगचं हांग होतं त्या आपल्या बोलीत म्हणायचीस, "हरळ उभी ऱ्हा, टीचर. तू होळीवर बसली असतीस तर गिऱ्हाईक आलं की आदी लुगडंच हावरत बसली असतीस." मी हसायचे. माझ्यानंतर दहा-बारा कॉलेजच्या मुली तुझ्यापुढे रांगेत उभ्या असायच्या, त्यांनाही तूच नेसवायचीस, आणि त्या फोटो काढून झाले की खुर्चीवर लुगड्याचा बोळा टाकून जीन्समध्ये निघून जायच्या. ते बोळे तू एकटी बसून घड्या करायचीस. मी तेव्हा स्टेजवर आभार मानत असायचे.

आपला वाद सुरू झाला तो तू अमेरिकेहून आल्यावर. तुझ्या लेकीने, लीनाने, तुला चार महिन्यांसाठी पेनसिल्व्हेनियाला नेलं होतं. मी विमानतळाबद्दल शंभर सूचना केल्या, त्यांतली एक तू पाळली नाहीस. लुगडं, वर स्वेटर, पायांत जावयाचे मोजे आणि लीनाचे बूट, अशी गेलीस. तिथे लीना तुला आमिश लोकांच्या गावात फिरायला घेऊन गेली. ख्रिस्तीच ते, पण आपल्यापेक्षा निराळे. मोटार ठेवत नाहीत, घोडागाडीतून फिरतात, बाहेरची वीज घरात घेत नाहीत, बायका लांब झगे घालतात आणि डोक्याला टोपी बांधतात. रस्त्याच्या कडेला तुझ्याच वयाची एक टोपीवाली बाई भाजी मांडून बसली होती. तू सरळ जाऊन तिच्या भोपळ्याला टिचकी मारलीस. तिने तुझ्या लुगड्याचा पोत बोटांत धरून पाहिला. एकमेकींची भाषा येत नव्हती, तेव्हा तुम्ही हात दाखवले. नखांत माती तिच्याही आणि तुझ्याही, म्हणजे चार महिने मातीला हात न लावताही तुझी गेली नव्हती. हे तू मला निदान वीस वेळा सांगितलंस आणि दर वेळी स्वतःचे हात पुढे केलेस.

तेवढ्यात गाड्यांतून उतरलेल्या लोकांनी फोन काढले. टोपीवाली आणि लुगडंवाली एका ठिकाणी, असा योग पुन्हा कुठे मिळणार? त्या बाईने शांतपणे तोंड फिरवलं. त्यांच्यात फोटो काढून घेत नाहीत.

"मी बी फिरवलं," तू म्हणालीस. "तेरेज, तोंड फिरवता येतं हे मला म्हातारपणी तिकडं जाऊन कळलं."

तेव्हापासून होळीवर हौशी पोरं कॅमेरे घेऊन आली, आजी इकडे बघा, जरा हसा ना, म्हणाली, की तू वांग्यांच्या टोपलीत बघायचीस. मला ते खटकायचं. आजी हल्ली जरा तुटक वागते, असं मी विल्सनला म्हटल्याचंही आठवतं.

पण तुझ्या मनात ठाण मांडून बसलं ते दुसरंच. लीनाने तुला सांगितलं होतं की या लोकांत मूल जन्मलं की लगेच बाप्तिस्मा देत नाहीत. सोळा वर्षांची झाली की पोरंपोरी थोडी मोकळी सुटतात. काही जण बाहेरचे कपडे घालून बघतात, कोणी गाडी चालवतो, कोणी फोन घेतो, मोठी माणसं कानाडोळा करतात. पुढे कधीतरी ज्याने त्याने ठरवायचं, आत यायचं की बाहेर जायचं. आत आलं तर गुडघे टेकून स्वतःच्या तोंडाने शपथ घ्यायची आणि तेव्हा बाप्तिस्मा. शपथ घेऊन मोडली तर मात्र बहिष्कार, सख्खी आईसुद्धा एका ताटलीतलं देत नाही. शपथ घ्यायच्या आधीच कोणी बाहेर गेलं तर बहिष्कार नाही.

"इसारतात बाय त्या पोरींना," तू त्या विचारण्यावर जोर देत म्हणालीस. "टोपी घालशील का म्हणून इसारतात."

मी शिक्षिका. मला ते पटणार नव्हतंच. मी म्हटलं, "कसलं विचारणं? आठवीनंतर शाळा बंद. बाहेर ओळखीचं कुत्रं नाही. आईबाप, भावंडं, गावातला एकूण एक माणूस आत. अशा पोरीला जायचं का राहायचं विचारणं म्हणजे चारी बाजूंनी कुंपण घालून शेळीला विचारणं, कुठं चरतेस? म्हणून तर बहुतेक परत येतात."

"त्यांची आठवी, माजी हातवी," तू वालाच्या शेंगा सोलत म्हणालीस. "त्या एक यत्ता फुडंच की."

दोन दिवसांनी मला उत्तर सुचलं म्हणून मी मुद्दाम तुझ्या ओटीवर आले आणि म्हटलं, मार्था, आपल्याकडेही दृढीकरण असतंच ना, तेव्हा फादर विचारतातच. तू म्हणालीस, विचारतात, पण उत्तर आधी पाठ करून घेतात. त्यावर आपण दोघी हसलो. तो वाद पुढे दोन वर्षं चालला, मिस्साच्या प्रार्थनेहून येताना, वाडीत, तुझ्या गुडघ्याला तेल चोळताना. मी म्हणायचे बाहेरच्या जगात निवड असते. तू म्हणायचीस, कुठाय?

तुझ्या नातीच्या, रियाच्या, सोळाव्या वाढदिवसाला तू मला ते दाखवून दिलंस. विल्सनने हॉल घेतला होता, फुग्यांची कमान केली होती, तिच्या अंगावर झगझगीत पट्टा घातला होता. पोरांनी तिच्या तोंडाला केक फासला आणि ती डोळे चोळत असताना तिचा व्हिडिओ केला. सगळ्या मुलींचे केस एकसारखे सरळ केलेले, जीन्स एकाच ठिकाणी फाटलेल्या, ओठांचा चंबूही एकसारखा. मग विल्सनने माईक घेऊन जाहीर केलं की रियाला इंजिनिअरिंगच्या क्लासला घातलं आहे, पुढे त्याचा वालीवचा कारखाना तिलाच बघायचाय. त्या पोरीने लहानपणापासून चित्रांखेरीज काही केलेलं नाही. तू आइस्क्रीमची वाटी हातात धरून माझ्याकडे झुकलीस. "इसारलं का हिला कोणी? आमची लुगडी तरी टिकायची."

जिंकलीस ग. मी तेव्हा कबूल केलं नाही. आवाज फार आहे, काही ऐकू येत नाही, असं म्हटलं.

त्यानंतर काही दिवसांनी तू मला आत बोलावलंस आणि ट्रंक उघडलीस. लुगड्यांच्या खाली एक निळी साडी होती, बारीक पांढऱ्या फुलांची, घडी न मोडलेली. केव्हा घेतलीस विचारलं तर म्हणालीस, केव्हातरी. म्हणालीस, "मी मेले की मला हीत न्या. गोल नेसवा. तुला नेसवता येते म्हणून तुला हांगते. विल्सन ऐकायचा नाय, तू हांग त्याला."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अगं, वटारचं शेवटचं लुगडं तू. लोक काय म्हणतील?"

तू ट्रंकेचं झाकण लावलंस आणि म्हणालीस, "मला लुगडं नको, असं नाय. मला कोणी इसारलं नव्हतं, तेवडंच. आता कोणी इसारत नसलं तरी मी हांगते."

मी म्हटलं, बरं. ह्या वर्षी ईस्टरला तू पुन्हा आठवण करून दिलीस. मी पुन्हा म्हटलं, बरं.

तू गेलीस त्या दिवशी मी पोचायच्या आत मंडळाचे तिघे पोचले होते. दारात त्यांचं चाललं होतं, पेटी ओटीवर घ्या, मागे वाडी दिसली पाहिजे, फुलं पांढरी ठेवा म्हणजे लाल उठून दिसेल. फलक छापायला टाकला होता, 'संस्कृतीची शेवटची साक्षीदार'. तुझं अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी पुस्तकात वाचली होती. त्या दिवशी पाहिली, आणि ती चांगली, ओळखीची, नमस्कार करणारी माणसं होती, काही माझेच विद्यार्थी.

मी आत गेले. ट्रंक उघडली, निळी साडी काढली आणि विल्सनला बाजूला घेऊन सांगितलं. एवढं मी केलं. ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत असते, म्हणून तुलाही सांगते.

विल्सनचे डोळे रडून सुजले होते. तो वाईट मुलगा नाही. त्याने साडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, असं काय करता? आई कधी बोलली नाही मला. आणि तुम्हीच लिहिलंय ना, लुगडं हे आपल्या बाईचं दुसरं कातडं आहे? आम्ही फलकाखाली तेच टाकलंय, तुमच्या नावासकट."

लिहिलं होतं. मंडळाच्या स्मरणिकेत, पान पहिलं. कातडं. मी, जिने ते आयुष्यात वर्षाला दोन तासांपलीकडे अंगावर ठेवलं नाही. त्या घटकेला मला म्हणता आलं असतं की ते वाक्य खोटं आहे, चांगलं दिसतं म्हणून लिहिलं होतं. दारात मंडळाचे लोक होते, आत गावातल्या बाया होत्या, सगळ्यांना ऐकू गेलं असतं. एवढीच तर किंमत होती. मी साडी ट्रंकेत ठेवून दिली.

मग बाया म्हणाल्या, टीचर, तुम्हीच नेसवा, तुमच्याइतकं जवळचं कोण? आणि तेव्हा कळलं की मला लुगडं नेसवता येत नाही. इतके लेख लिहून येत नाही. शेजारच्या गावातून एका म्हातारीला रिक्षाने आणावं लागलं. ती नेसवत होती आणि मी तुला एका बाजूने उचलून धरलं होतं. तुझा हात दर वेळी घसरून माझ्या मांडीवर पडायचा, मी तो उचलून परत ठेवायचे. तिने काम चोख केलं. पोटाशी शेवटची घडी खोचताना ती मला म्हणाली, "लय वर्षांनी कुणाला नेसवलं. पोरी आता नेसवून घेतात, पण हलतात फार." मी मागच्या दारी जाऊन ओकले. लोकांना वाटलं, बहीण गेली, सोसवत नाही बिचारीला. कोणीतरी पाठीवरून हात फिरवला.

तुझा व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला म्हणे. मला तिघांनी पाठवला, खाली हात जोडलेली चित्रं घालून. त्यात मीही आहे, तुझ्या उशाशी, डोळ्यांना पदर लावून. तुला तोंड फिरवता येत नव्हतं. मला येत होतं.

काल मंडळाच्या सचिवांचा फोन आला. अंकासाठी तुझ्यावर लेख हवा होता. शिवाय तुझ्या महिन्याच्या मिस्साला रियाने तुझं लुगडं नेसून, वाडीतल्या भाजीची टोपली घेऊन चर्चमधल्या आल्तारापर्यंत चालायचं असं त्यांनी ठरवलं आहे. विल्सनचा होकार आहे. "पोरगी जरा नाही-हो करतेय, टीचर. सोळा-सतरा वर्षांची पोरं, तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचं ऐकेल ती."

मी गेले. रिया तुझ्या ओटीवर वही घेऊन बसली होती. मी म्हटलं, "लुगड्याचं कळलं. तुला काय वाटतं?"

"म्हणजे मी हो म्हणायचंय?"

"तसं नाही."

"मग नको म्हणू?"

"तेही नाही. मी विचारायला आले."

ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली. तिला सवय नाही ना. मग म्हणाली, "टीचर आजी, आजीला आवडायचं का लुगडं?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. फ्रॉक, विहीर, ती टोपीवाली बाई, निळी साडी, माझं दोन वेळचं बरं आणि त्या दिवशीचं गप्प बसणं. ती रडली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "आणि तुम्ही नुसत्या उभ्या होतात?" मी म्हटलं, हो. तिने वही उचलली आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिथून म्हणाली, "मला विचार करावा लागेल."

सचिवांना मी तसंच कळवलं. ते म्हणाले, तारीख ठरली, शूटिंगवाला ठरला, तिला असा किती वेळ हवा आहे? आणि लागला तर लागला, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही तिच्या वतीने हो म्हणून टाका. मी म्हटलं, मार्थाच्या वतीने आपण सगळ्यांनी हो म्हटलंच होतं, ती नको म्हणून सांगून गेली असताना. मग ते म्हणाले, "टीचर, हे असलं काही लेखात घेऊ नका."

तेच घेतलं आहे, मार्था. छापणार नाहीत. नाही छापलं तर मी हा कागद मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पटांगणात उभी राहून वाचीन, ऐकायला थांबतील त्यांना. तुझी माफी मात्र मागत नाही. माफी मागितली की माणसाला सुटल्यासारखं वाटतं आणि मला जेवण जायला लागेल, तेही नकोय इतक्यात.

रिया अजून काही बोललेली नाही. तिला उत्तर सापडायचं आहे, लागेल तेवढा वेळ लागेल. तुझं तर तयार होतं. तू ते मला दोनदा सांगितलं होतंस, माझ्या तोंडावर, आणि मी तुला उचलून धरलं आणि तुझ्या अंगावर लाल चढू दिलं.